आत जाणाऱ्या श्वासाचा आवाज

व्हेंटिलेटरवरून परत आलेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, "आता कसं वाटतंय?" मी म्हणायची, "बरं वाटतंय." सुरुवातीला ते खरं होतं. पुढे ते खरं राहिलं नाही, पण तोवर मी बरी झाले यावर सगळ्यांचा विश्वास बसून गेला होता.

मी झाशीत एका मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. श्वासमार्गात व्हायरस शिरल्यावर तिथे सूज का येते, कधी ओसरते आणि कधी ओसरतच नाही, हा माझ्या संशोधनाचा विषय. वर्गात मी सांगते की व्हायरस चार दिवसांचा पाहुणा असतो. तो गेल्यावर घरात जे भांडण उरतं, त्यानं पुष्कळदा घर मोडतं. हे वाक्य मी इतकी वर्षं म्हणत आले होते की ते माझं मलाच ऐकू येईनासं झालं होतं.

हे लिहितेय ते ज्यांचं माणूस नुकतंच अतिदक्षता विभागातून घरी आलंय त्यांच्यासाठी. तुमचे पेढे वाटून झाले असतील. आता जरा कान द्या.

पॉझिटिव्ह

त्या हिवाळ्यात मला फ्लू झाला. माझ्या घशातला नमुना आमच्याच विभागात तपासला गेला आणि माझ्याच एका विद्यार्थिनीनं फोन केला, "मैडम, पॉझिटिव है." तिचा आवाज कापत होता. मला भीती नाही वाटली, कुतूहल वाटलं. ज्याला इतकी वर्षं प्रयोगशाळेत वाढवलं तो आता माझ्यात आहे, एवढंच मनात आलं.

ते कुतूहल दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी मला पलंगावरून न्हाणीघरापर्यंत जाता येईना. ओठ निळे पडलेत हे आरशात मलाच आधी दिसलं. माझे यजमान श्रीधर रेल्वेच्या कचेरीत नोकरीला आहेत. ते धावत आले आणि मला माझ्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. छातीच्या विभागाचे डॉक्टर निगम माझ्यावर वाकले. ते माझे सहकारी. रोज चहाला भेटणारे. "मैडम, नली डालनी पड़ेगी," ते म्हणाले. मी मान हलवली. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

दोनेक आठवडे ती नळी माझ्या घशात होती. श्रीधरना डॉक्टरांनी दोनदा बाहेर बोलावून सांगितलं होतं, की नातेवाइकांना कळवून ठेवा. हे मला फार नंतर समजलं.

जाग आली तेव्हा कुणीतरी म्हणत होतं, "काय बिन्नू, हमाई सुन रईं?" ती वॉर्डातली आयाबाई होती, मला ऐकू येतंय का असं बुंदेलीत विचारत होती. पण मी फक्त 'काय' ऐकलं आणि मला वाटलं, मी ग्वाल्हेरला माहेरी आहे, आई काहीतरी विचारतेय. मी रडले. रडताना आवाज निघाला नाही. सगळे म्हणाले, नळीमुळे घसा सुजलाय, होईल बरा.

आरती

महिनाभरानं सत्यनारायण झाला, खंडेराव गेटला वन्संच्या घरी. वन्सं म्हणजे श्रीधरांची थोरली बहीण. भावाची बायको मरणाच्या दारातून परत आली म्हणून त्यांनी सगळ्या मराठी घरांना बोलावणं केलं होतं. झाशीत आमची घरं थोडी, त्यामुळे कुणीच चुकलं नाही. प्रत्येक बाई माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडत होती.

आरती सुरू झाली. मी तबक धरून उभी होते आणि मला कडवं पुरं करता येईना. मध्येच श्वास घ्यावा लागे. बाकीच्या पुढे जात, मी ओठ हलवत राही.

"अशक्तपणा गं," वन्सं म्हणाल्या. "शिरा खा. तूप घातलंय भरपूर."

अशक्तपणा मला माहीत होता. अशक्तपणात पाय थकतात. माझे पाय थकले नव्हते. हवाच पुरत नव्हती, जणू कुणी माझ्यावर दार लोटून घेतलं होतं आणि मी फटीतून श्वास घेत होते.

आम्ही सिव्हिल लाइन्सला राहतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून सकाळी श्रीधर मला छावणीच्या रस्त्यावर नेत. तिथे झाडं आहेत, वाहनं कमी, सगळं शांत. त्या शांततेत मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. आधी चढावर. मग सपाटीवरही. एक बारीक, ताणलेला आवाज.

"ऐकू येतंय का तुम्हाला?" मी एकदा थांबून विचारलं.

"काय?"

"माझा श्वास."

श्रीधर पुन्हा चालायला लागले. "दमली आहेस. उद्यापासून कमी चालू."

"अहो, हे दमणं नाही."

"तू बरी झालीस," ते म्हणाले. आवाज चढला होता. ते कधी आवाज चढवत नाहीत. "डॉक्टरांनी सांगितलंय. छातीचा फोटो स्वच्छ आहे. उगाच काहीतरी शोधत बसू नकोस."

त्या दिवसानंतर आम्ही वेगवेगळ्या वेळी चालायला जाऊ लागलो. मला राग होता. आता विचार करते तेव्हा कळतं की त्या माणसानं हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी गेले असं एकदा मनाशी धरलं होतं. तिथे पुन्हा जाऊन बसायची त्यांच्यात ताकद नव्हती.

डॉक्टर निगमांकडे मी तीनचारदा गेले. त्यांनी छाती ऐकली आणि दम्याचा पंप दिला. फ्लूनंतर असा दमा लागतो. मी स्वतः त्यावर लिहिलंय, म्हणून मलाही ते पटलं. पंपानं काही होईना तेव्हा स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. त्यांनी बरं वाटलं. गोळ्या संपल्या आणि ते पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जास्त. मग ते हळुवारपणे म्हणाले, "मैडम, आईसीयू के बाद घबराहट रह जाती है. बहुत लोगों को होता है. मैं नींद की हल्की गोली लिख दूँ?"

या माणसानं माझा जीव वाचवला होता. त्यांच्याशी वाद कसा घालायचा? मी गोळी घेऊन आले. घेतली मात्र नाही. झोपेत श्वास घ्यायचं राहून जाईल असं वाटायला लागलं होतं. आडवी झाले की दार आणखी लोटलं जाई. मी भिंतीला टेकून बसून झोपायला शिकले. कफ घशाशी येऊन अडकायचा, सुटायचा नाही, आणि तो सुटेपर्यंत मी खिडकीचे गज धरून उभी असायची.

आमची मुलगी रेवा तेव्हा बारावीत होती. झाशीच्या बहुतेक मराठी मुलांसारखी ती मराठी समजते आणि हिंदीत उत्तर देते. ती अभ्यास करता करता मान वर करून म्हणायची, "आई, आपकी साँस से सीटी बज रही है." श्रीधर तिला म्हणायचे, "रेवा, अभ्यास." ती पुन्हा मान खाली घालायची.

वर्गात

मी कामावर रुजू झाले ते घरात बसवेना म्हणून.

लहान मुलांना एक आजार होतो. व्हायरसमुळे स्वरयंत्राच्या खाली सूज येते आणि मूल श्वास आत ओढताना एक ताणलेला, आरवल्यासारखा आवाज येतो. दम्याची शिट्टी वाजते ती श्वास बाहेर सोडताना. हा आवाज श्वास आत घेताना येतो. बाहेरचा श्वास वाजला तर अडचण खाली, बारीक नळ्यांत. आतला वाजला तर वर, मुख्य वाटेत. एवढा फरक डॉक्टरला आयुष्यभर पुरतो, म्हणून दरवर्षी मी तो आवाज वर्गात स्वतः काढून दाखवते. मुलं हसतात आणि विसरत नाहीत.

त्या सकाळी मी जिने चढून वर्गात आले. आजाराचं सगळं सांगून झालं. "अब सुनिए," मी म्हटलं, आणि आवाज काढण्याआधी नुसता श्वास घेतला.

आवाज आला. मी तो काढला नव्हता.

मागच्या बाकांवर हशा झाला. कुणीतरी म्हणालं, "मैडम, एक बार और!"

मी टेबल धरलं. पुन्हा श्वास घेतला. घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुन्हा तोच आवाज. शंभरेक मुलं माझ्याकडे कौतुकानं बघत होती आणि टाळ्या वाजवत होती.

तिथे उभ्या उभ्या मला सगळं उलगडलं. नळी माझ्या श्वासनलिकेत रुतून बसली होती. तिथे सूज आली, जखम झाली. नळी काढल्यावर जखम भरायला लागली. आणि जखम भरते म्हणजे आकसते. माझं शरीर प्रामाणिकपणे बरं होत होतं, आणि बरं होता होताच माझा गळा आवळत होतं.

"आज इतना ही," मी म्हटलं. मुलं खुशीत बाहेर पडली.

डॉक्टर निगम बाह्यरुग्ण विभागात होते. मी रांग ओलांडून आत गेले. त्यांनी नेहमीसारखा स्टेथोस्कोप पाठीवर ठेवला. "चेस्ट तो साफ है, मैडम."

मी त्यांचा हात धरला आणि स्टेथोस्कोप माझ्या गळ्यावर टेकवला. "यहाँ सुनिए."

त्यांनी ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. मग कानातून नळ्या काढल्या आणि सिस्टरला म्हणाले, "इनको लिटाना मत. बिल्कुल नहीं." त्यांचा चेहरा मी आजवर कधी तसा पाहिला नव्हता.

बसल्या बसल्या नाकातून दुर्बीण घालून त्यांनी वरूनच पाहिलं. खाली नेण्याची त्यांची हिंमत झाली नाही. श्वासनलिका अंगठ्याएवढी जाड असते. माझ्या श्वासनलिकेत जी वाट उरली होती ती बॉलपेनच्या रिफिलएवढी होती.

चंबळ

श्रीधर कचेरीतून आले तेव्हा डॉक्टर दिल्लीला फोनवर बोलत होते. तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात हे काम करणाऱ्या सर्जनबाई होत्या.

"आजच?" श्रीधरनी विचारलं. "उद्या सकाळच्या गाडीनं नेलं तर?"

"सर," डॉक्टर म्हणाले, "रास्ता बंद करने को कफ का एक टुकड़ा काफ़ी है. और ट्रेन में मैं कुछ नहीं कर पाऊँगा. सड़क से चलेंगे. मैं साथ बैठूँगा."

श्रीधर माझ्याकडे वळले. "तू सांगत होतीस," ते म्हणाले. एवढंच. मग गाडीची व्यवस्था बघायला गेले.

रेवा कॉलेजच्या फाटकाशी आली. तिचे बारावीचे शेवटचे काही पेपर उरले होते. ती वन्संकडे राहणार होती. रुग्णवाहिकेच्या दारात तिनं माझा पाय धरला, कारण हाताला सुई लावलेली होती. "आई," ती म्हणाली, "तू ये हं." साधं मराठी वाक्य. तिच्या तोंडून मी कितीतरी दिवसांत ते ऐकलं नव्हतं.

मला पाठ टेकवून बसतं केलं होतं. दतिया गेलं. ग्वाल्हेर आलं आणि गेलं. माझं माहेर, पण भावाला कळवायलाही वेळ झाला नव्हता. खिडकीतून किल्ल्याची कड दिसली. मला वाटलं, हे शेवटचं बघतेय. फार शांतपणे वाटलं.

मुरैना मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओसाड घळी सुरू झाल्या. उन्हं कलली होती. तिथे कफ वर सरकला.

मला तो सरकताना जाणवला. मग वाट बंद झाली. आवाजसुद्धा थांबला. इतके आठवडे मी त्या आवाजाला घाबरत होते. तो थांबला तेव्हा कळलं की आवाज म्हणजे निदान हवा होती.

"गाड़ी रोको!" डॉक्टर ओरडले. गाडी चंबळच्या पुलाच्या अलीकडे कडेला लागली. त्यांनी मला पुढे वाकवलं, वाफेचा मुखवटा तोंडावर दाबला. "मैडम, ज़ोर मत लगाइए. खींचिए मत. धीरे. मेरी तरफ़ देखिए."

मला ओढायचंच होतं. सगळं शरीर ओढा म्हणत होतं. श्रीधरनी माझं कपाळ आपल्या खांद्यावर घेतलं आणि कानाशी बोलायला लागले, "हळू. हळू गं. मी आहे. हळू." डोळ्यांपुढे कडेनं काळं येत होतं. डॉक्टरांनी ट्रेमधलं ब्लेड हातात घेतलेलं मी पाहिलं. गळा बाहेरून उघडावा लागला तर म्हणून.

मग काहीतरी हललं. बारीक, घाणेरडी, सुंदर शिट्टी वाजली.

गाडी पुलावर चढली. खाली नदी अगदी निवांत होती.

हनुवटी

त्याच रात्री सर्जनबाईंनी दुर्बिणीतून वाट रुंद केली. पण व्रण पुन्हा आकसणार होता. काही दिवसांनी त्या पलंगाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या की खराब तुकडा कापून काढायचा आणि दोन्ही टोकं एकमेकांना जोडायची.

"पढ़ाती हैं न आप?" त्यांनी विचारलं. "आवाज़ का वादा नहीं कर सकती. साँस का करती हूँ."

मी सही केली.

या शस्त्रक्रियेनंतर काय असतं हे मला कुणी आधी नीट समजावलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सांगते. जोड ताणला जाऊ नये म्हणून हनुवटी छातीला जाड धाग्यानं शिवून टाकतात. आठवडाभर मान वर होत नाही. तुम्ही फक्त आपली मांडी बघता. बोलायचं नाही. खोकायचं नाही. कोण आलं ते चपलांवरून ओळखायचं. पांढरे बूट सिस्टरचे, तपकिरी श्रीधरांचे. माणसं डोक्यावरून बोलतात. तुमच्याविषयी, तुमच्याशी नाही. मला वाटे, मी शिक्षा झालेली बाई आहे आणि गुन्हा कुणी सांगत नाही. रोज सकाळी सर्जनबाई येत, गळ्याशी कान नेत, काही न बोलता जात. त्यांच्या न बोलण्यात मी दिवसभर अर्थ शोधत बसे.

एका दुपारी पलंगाशी जुनी, अंगठा तुटून शिवलेली चप्पल आली. वन्सं. परीक्षा संपताच रेवाला माझ्या भावाकडे सोडून एकट्या रेल्वेत बसून दिल्लीला आल्या होत्या. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. झाशीबाहेर त्या कित्येक वर्षांत पडल्या नव्हत्या.

"वर नको बघूस," त्या म्हणाल्या. मग पलंगाचा गज धरून, कण्हत कण्हत, त्या हॉस्पिटलच्या फरशीवर बसल्या आणि मान वाकडी करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा एक चेहरा दिसला.

सिस्टर धावली. "माताजी, नीचे मत बैठिए, कुर्सी लीजिए."

"बिटिया," वन्सं म्हणाल्या, "कुर्सी पर बैठूँ तो इसको दिखूँगी कैसे?"

त्यांनी चमच्यानं मला पातळ खिमट भरवलं. प्रत्येक घासाला त्या खालून बघत. "अशक्तपणा म्हणाले होते मी," एकदा पुटपुटल्या. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. रोज दुपारी त्या तशाच बसल्या, टाके निघेपर्यंत.

आता

मी पुन्हा शिकवते. माझा आवाज जाड आणि खरखरीत झालाय. जुने विद्यार्थी फोनवर ओळखत नाहीत. वर्गात माइक लागतो. वरच्या पट्टीतलं काही म्हणता येत नाही.

जोड टिकलाय, आजपर्यंत. पुन्हा आवळणार नाही असं कुणी म्हणत नाही. दर काही महिन्यांनी दिल्लीला जाऊन दुर्बीण घालून घ्यावी लागते, आणि ती आत असेपर्यंत मी सर्जनबाईंच्या भुवयांकडे बघत असते. घरात कुणी शिंकलं की मी दुसऱ्या खोलीत जाते. थंडी पडायला लागली, छावणीच्या रस्त्यावर धुकं उतरलं, की मला माझा विषय आठवतो.

जे सांगायचं ते हे : तुमच्या माणसाच्या घशात नळी होती, तो घरी आला, आणि काही आठवड्यांनी त्याचा आत जाणारा श्वास वाजायला लागला, तर त्याला धीर देऊ नका. त्याला घेऊन जा. आणि त्याचा गळा ऐका म्हणून सांगा.

श्रीधर आता माझं सगळं ऐकतात. जास्तच ऐकतात. मी जिना चढले की टीव्हीचा आवाज बंद होतो. स्वयंपाकघरात भांडं घासताना मी जरा जोरानं श्वास घेतला तरी ते दारात येतात, पाणी प्यायला आल्यासारखं करतात आणि जातात.

परवा रेवानं फोन केला. ती पुण्याला शिकायला गेलीय. तिथल्या घरमालकीणबाईंनी तिचं मराठी ऐकून विचारलं म्हणे, "बाळ, तू नेमकी कुठल्या देशातली?" मी हसले. किती महिन्यांनी अशी पोटातून हसले कुणास ठाऊक. हसून झाल्यावर श्वास आत ओढला, आणि पुन्हा हसले.

मागे वळून पाहिलं तर श्रीधर दारात उभे होते. पायात चपला नव्हत्या. हातात गाडीची किल्ली होती. चेहरा पांढरा पडलेला.

"अहो," मी म्हटलं, "हसतेय मी."

"हसतेस?"

"हो. या आवाजात आता हसणं असंच येणार."

त्यांनी किल्ली खाली ठेवली. फोनमधून रेवा विचारत होती, "आई? काय झालं?" मग ते पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "पुन्हा एकदा हस बरं. मला नीट ऐकू दे."